डिंगीचं पेट्रोल ठेवायचं कुठं?

मोठी बोट डिझेलवर आणि तिची डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जा-ये करायची छोटी होडी, पेट्रोलवर, ही जोडी जगभर दिसते. सगळी गोम या जोडीतच आहे. डिझेलची बोट बांधताना आत पेट्रोल कधी येणारच नाही, असं धरून बांधलेली असते. स्टार्टर, अल्टरनेटर, बिल्जमधल्या (बोटीच्या तळाच्या पोकळीतल्या) पंपाचा फ्लोट स्विच, फ्रिजचा रिले, पाण्याच्या पंपाचा प्रेशर स्विच, यांपैकी प्रत्येक वस्तू चालू-बंद होताना बारीकशी ठिणगी टाकते. डिझेलच्या शेजारी त्या ठिणगीला कोणी विचारत नाही. पेट्रोल इंजिनाच्या बोटीत हेच सुटे भाग बंदिस्त, ठिणगी बाहेर न पडू देणारे लावावे लागतात. शिवाय इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर चार मिनिटं चालवून खालची हवा बाहेर काढायची असते. डिझेलच्या बोटीत सहसा ना तसले भाग असतात ना ब्लोअर. अशा बोटीच्या पोटात पाच लिटरचा कॅन ठेवला की वाफ आणि ठिणगी दोन्ही एकाच खोलीत आले.

पेट्रोलची वाफ म्हणजे काय चीज आहे, ते आकड्यांत पाहू. पेट्रोल उणे चाळीस अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. म्हणजे आपल्याकडच्या हवेत ते कायमच तयारीत असतं. वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड, त्यामुळे ती खिडकीतून वर जात नाही, पाण्यासारखी खाली वाहते आणि सगळ्यात खोल जागी, म्हणजे बिल्जमध्ये, साचते. हवेत वाफेचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असलं की ठिणगीला स्फोट होतो. एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर ती १८० लिटरच्या आसपास भरते. आता १०० मिलिलिटर, म्हणजे लहानशी वाटीभर पेट्रोल सांडलं असं धरा. त्याची १८ लिटर वाफ होते आणि ती एक घनमीटरहून जास्त हवा स्फोटक करू शकते. तीस फुटी बोटीचं बिल्ज आणि कॉकपिटमधलं (मागच्या उघड्या बैठकीतलं) एखादं लॉकर मिळून जागा तेवढीच असते. इतका धोका घालायला अख्खा कॅन फुटावा लागत नाही, झाकणाचं वायसर सुकलेलं असलं तरी पुरतं.

त्यामुळे कॅन कुठं ठेवायचा हा प्रश्न जरा उलटा विचारावा: हा कॅन आत्ता, इथं, गळायला लागला तर पेट्रोल आणि वाफ कुठं जाईल? उत्तर ‘बोटीबाहेर’ असेल तर जागा बरोबर. ‘आधी लॉकरमध्ये, मग तिथून…’ असं सुरू झालं तर जागा चुकली, मग कॅन कितीही महागाचा असो.

जागेच्या आधी प्रमाण. बहुतेक बोटींवर गरजेच्या तिप्पट पेट्रोल असतं, कारण २० लिटरचा कॅन भरून आणणं सोयीचं वाटतं. हिशोब करून पाहा. दोन-अडीच हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (डिंगीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन) पूर्ण थ्रॉटलवर ताशी सुमारे एक लिटर खातं, पाच-सहा हॉर्सपॉवरचं दोन लिटर, आणि ९.९ चं चार लिटरच्या आसपास. नांगर टाकलेल्या जागेपासून जेटी अर्धा किलोमीटर असली तर एका खेपेला चार-पाच मिनिटं लागतात. दिवसात दोनदा जाऊन-येऊन वीस मिनिटं धरा. लहान आउटबोर्डला त्याला तीनशे ते साडेतीनशे मिलिलिटर पेट्रोल लागलं. मुंबई ते गोवा सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांची सफर मुरूड, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण असे मुक्काम करत दहा दिवसांत केली, तर डिंगीला सगळं मिळून तीन-साडेतीन लिटर लागेल. पाच लिटरचा एक कॅन वापरायला आणि पाच लिटरचा एक राखीव, झालं. मोठं आउटबोर्ड घेऊन डिंगी पाण्यावर उडवायची हौस असेल तर आकडा बदलेल, पण मग ती हौस बोटीवर किती पेट्रोल आणते तेही मोजावं. वल्ही डिंगीत असावीतच, आणि ती नुसती शोभेला नसावीत.

कायद्यानंही मर्यादा घातली आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार पेट्रोल ‘अ’ वर्गात येतं. विक्रीसाठी नसेल तर परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंत जवळ ठेवता येतं. तेही घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या भांड्यात, आणि धातूचं भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको. यादीत प्लॅस्टिकचं नाव नाही. म्हणून पंपावर प्लॅस्टिकचा डबा पुढं केला की पोरगा मान हलवतो, आणि तो आडमुठेपणा करत नसतो.

कॅन पोलादी जेरीकॅनच्या धाटणीचा घ्या, आतून लेप दिलेला, खटक्याच्या झाकणाचा आणि पाच लिटरचा. वीस लिटरचा भरलेला पोलादी कॅन १८-१९ किलोचा होतो. हलत्या डिंगीत उभं राहून तो डोक्याच्या उंचीवर कोणाच्या तरी हातात द्यायचा, हा प्रकार एकदा मनात करून पाहा. पाच लिटरचा पाच-सहा किलोचा होतो, एका हातानं उचलता येतो आणि दुसरा हात कठडा धरायला मोकळा राहतो. पोलादाचं वैर खाऱ्या हवेशी. गंज बुडाच्या शिवणीपासून धरतो, आणि कॅन थेट डेकवर घासत असेल तर महिनाभरात रंग उडतो. खाली रबराची चटई किंवा लाकडी पट्ट्या टाका. दर महिन्याला कॅन उलटा करून बूड पाहा. शिवणीवर फुगलेला रंग नखानं उचकटून बघा. खाली तपकिरी भुकटी निघाली तर तो कॅन निवृत्त.

परदेशी चार्टर बोटींवर लाल प्लॅस्टिकचे कॅन दिसतात. ते पेट्रोलसाठीच बनवलेल्या जाड एचडीपीई प्लॅस्टिकचे असतात आणि त्यांना गंजाची भीती नाही. पण साध्या एचडीपीईच्या भिंतीतून पेट्रोल थोडंथोडं झिरपतं. झाकण कितीही घट्ट असो, बंद लॉकरमध्ये ठेवलेल्या अशा कॅनचा वास येतोच. ‘गळत तर नाही, मग वास कसला?’ या प्रश्नाचं उत्तर अनेकदा हेच असतं. पाण्याच्या बाटल्या, खाद्यतेलाचे डबे, मच्छीबाजारातले निळे पिंप यांच्याबद्दल फार लिहायला नको. बाटलीतलं पेट्रोल कोणी पाणी समजून तोंडाला लावलं, तर तिथं डॉक्टर नसतो.

पंपावर कॅन नेहमी जमिनीवर ठेवून भरायचा. गाडीच्या डिकीत, स्कूटरच्या पायाशी किंवा डिंगीच्या रबरी तळावर ठेवून नाही. पेट्रोल वाहताना स्थिर वीज साठते. कॅन जमिनीवर असला आणि नळीचं धातूचं तोंड कॅनच्या कडेला टेकलेलं असलं तर ती निघून जाते. रबरावर किंवा गालिच्यावर ती अडकून बसते आणि नेमकी वाफेच्या जागी उडी मारते. धार हळू सोडायला सांगा. आणि काठोकाठ भरू नका. पेट्रोल दर अंशाला हजारात एक भाग फुगतं. २८ अंशांना भरलेला २० लिटरचा कॅन चैत्रातल्या उन्हात ५५ अंशांना पोचला तर आतलं पेट्रोल अर्धा लिटर वाढतं. वर वाफेचा दाब आहेच. पाच लिटरच्या कॅनमध्ये साडेचार लिटर, यापुढं नाही. बंदरावरच्या मच्छीमार सोसायट्यांच्या पंपांवर सहसा डिझेलच असतं, पेट्रोलसाठी गावातल्या रस्त्यावरच्या पंपापर्यंत जावं लागतं. एसटीत किंवा प्रवासी लाँचमध्ये पेट्रोल नेता येत नाही, तेव्हा जाण्यायेण्याची सोय आधी ठरवा.

आता इथेनॉल. २०२३ च्या फेब्रुवारीत देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल काही पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे तेच झालं. लहान आउटबोर्डच्या बहुतेक पुस्तिकांत मात्र १० टक्क्यांची मर्यादा छापलेली आहे. गाड्यांचं जे व्हायचं ते होवो, बोटीवर अडचण वेगळी आहे: इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि आपण राहतो पाण्यावर. थोडं पाणी इथेनॉलमध्ये विरघळून राहतं आणि इंजिनातून जळूनही जातं. ते प्रमाण ओलांडलं की इथेनॉल आणि पाणी हातात हात घालून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. टाकीतली नळी तळातूनच ओढते. म्हणजे आउटबोर्डला पहिला घोट मिळतो तो पाणी-दारूचा. मग इंजिन पकडत नाही, पकडलं तर जेटीपासून शंभर मीटरवर बंद पडतं, आणि कार्बुरेटरच्या फ्लोट बाउलमध्ये पांढरट पापुद्रा धरतो. वर उरलेलं पेट्रोलही इथेनॉल गमावल्यामुळे ऑक्टेनला उतरलेलं असतं, त्यामुळे पाणी काढून टाकून तेच पेट्रोल वापरू, हा जुगाड चालत नाही. ते सगळंच बाद.

पाणी गाळणाऱ्या काळ्या नरसाळ्यांवर इथं फार भरवसा ठेवू नका. सुटं पाणी आणि कचरा ती छान अडवतात, पण इथेनॉलमध्ये विरघळलेलं पाणी त्यांच्यातून सरळ आरपार जातं.

हाताशी आलेल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे किनाऱ्यावर पंधरा-वीस मिनिटांत कळतं. १०० मिलिलिटरची काचेची मोजनळी घ्या. तिच्यात निळ्या शाईचा एक थेंब टाकलेलं १० मिलिलिटर पाणी ओता. वर १०० च्या रेघेपर्यंत पेट्रोल. बूच लावून मिनिटभर हलवा, मध्ये एकदोनदा बूच सैल करून दाब सोडा, आणि नळी सपाट जागी उभी ठेवा. पंधरा मिनिटांत थर वेगळे होतात. निळ्या थराची वरची कड १० वरच राहिली तर इथेनॉल नाही. १९ च्या आसपास गेली तर १० टक्के, २८ च्या आसपास गेली तर २० टक्के. पाणी इथेनॉलला आपल्याकडे ओढून घेतं म्हणून निळा थर वाढतो, एवढंच गणित आहे. हा नमुना परत कॅनमध्ये ओतायचा नाही. १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल काही पंपांवर मिळतं. त्यात इथेनॉल आहे का, हे पंपवाल्याच्या शब्दापेक्षा या नळीवर ठरवा. आउटबोर्डला वर्षाला पंधरा-वीस लिटर लागत असतील तर चढा भाव अंगावर येत नाही, आणि कार्बुरेटर साफ करायला मिस्त्री शोधण्यापेक्षा तो स्वस्तच पडतो.

इथेनॉलवालंच वापरायचं असेल तर कॅनवर भरल्याची तारीख खडूनं लिहा आणि सहा आठवड्यांपुढं ठेवू नका. स्टॅबिलायझर पेट्रोल शिळं होणं लांबवतो, पाणी ओढणं थांबवत नाही. प्रायमर बल्ब (पेट्रोल इंजिनाकडे ढकलायला हातानं दाबायचा रबरी फुगा) आणि नळी जुनी असेल तर दाबून, वाकवून पाहा: बल्ब चिकट लागला किंवा नळीवर बारीक भेगा उमटल्या तर बदला. नवी नळी इथेनॉलला चालणारी, आउटबोर्डसाठी बनवलेली घ्या, पाण्याची पारदर्शक नळी नको.

आता मुख्य मुद्दा, जागा. पहिली पसंती बोटीच्या मागच्या कठड्याला, बाहेरच्या अंगाला. कॅन गळला तर थेंब समुद्रात पडतात, वाफ वाऱ्यावर जाते. नांगरावर उभी असलेली बोट वाऱ्याकडे तोंड करते, म्हणून मागच्या टोकाची वाफ बोटीपासून दूर जाते, असं सगळीकडे सांगितलं जातं. खुल्या समुद्रात, बेटाच्या आडोशाला ते खरंही आहे. आपल्या खाड्यांमध्ये मात्र हा नियम दिवसातून काही तास उलटा होतो, आणि तो नेमका कधी, हे समजून घेण्यासारखं आहे.

वाशिष्ठी किंवा शास्त्रीच्या मुखाशी नांगर टाकला आहे, दुपार आहे आणि ओहोटी लागली आहे असं समजा. पाणी पश्चिमेला समुद्राकडे धावतंय. बोट वाऱ्यापेक्षा पाण्याचं ऐकते, विशेषतः तळाला खोल कील, म्हणजे पाण्यात उतरलेला जड पंखा, असलेली. म्हणून तिचं नाक पूर्वेला, नदीच्या वरच्या अंगाला, आणि मागचं टोक समुद्राकडे. त्याच वेळी दुपारचं खारं वारं पश्चिमेकडून जोरात आत येतंय. म्हणजे वारा थेट मागून येतो, कॅनवरून कॉकपिटमध्ये, कॉकपिटमधून केबिनच्या उघड्या दारात. खाली चहाला गॅस पेटलेला. दोन-तीन तासांनी पाणी थांबलं की बोट फिरते आणि सगळं पुन्हा जागेवर. त्यामुळे खाडीत पेट्रोल ओतायचं काम पहाटे करा. तेव्हा हवा थंड असते, आणि मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, असला तर हलका. तरीही सुरुवात करण्याआधी मागच्या कठड्याला दोऱ्याचा एक तुकडा बांधून तो कुठं उडतोय ते पाहा. दोरा केबिनकडे उडत असेल तर थांबा. तास-दोन तासांनी पेट्रोल कुठं पळून जात नाही.

कठड्याला बांधताना कॅन उभा, झाकण वर, आणि बुडाखाली आधार हवा. नुसत्या पट्ट्यांवर टांगलेला कॅन पहिल्या लाटेला झोके घेतो आणि आठवड्यात पट्टा चिरतो. स्टेनलेसच्या पट्टीचा छोटा पाळणा करून घ्या, आत रबर, आणि दोन पट्टे: एक कमरेला, एक गळ्याला. रबरी ताणाचे हुकवाले दोर नकोत, ते सुटताना डोळा फोडतात. वर पांढऱ्या किंवा फिकट कापडाचं आवरण घाला, कारण उन्हानं कॅनचं तापमान वाढतं आणि पट्ट्यांचं नायलॉन कुजतं. आवरण खालून उघडं असू द्या, नाहीतर तेच वाफेचं पोतं होतं. आणि जवळपास काय आहे ते बघा: जनरेटरचा धूर बाहेर पडणारं तोंड, कठड्यावरची शेगडी, केबिनच्या खिडक्या, सिगारेट ओढणाऱ्या पाहुण्याची आवडती जागा. यांपासून बाजू बदलून लांब ठेवा.

बाजूच्या कठड्याच्या खांबांना फळी बांधून तिच्यावर कॅनची रांग लावायची, हे लांब पल्ल्याच्या बोटींचं चित्र प्रसिद्ध आहे. डिझेल आणि पाण्यासाठी ठीक. पेट्रोलसाठी नको. ती जागा हॅच (डेकवरची उघडझाप करायची झाकणं) आणि खिडक्यांच्या लगत असते, आणि डेकवर चढलेली लाट त्या सगळ्या रांगेला आतल्या बाजूला ढकलते. खांब वाकतात, त्यांच्या बुडाशी डेक चिरतो आणि पाणी आत येतं.

मागं जागाच नसेल, तर कॉकपिटचं एक लॉकर पेट्रोलसाठी वेगळं करावं लागतं. वेगळं म्हणजे गॅसच्या बाटल्याला करतात तसं. फक्त वरून उघडणारं, केबिन आणि बिल्जपासून पूर्ण बंद, आणि तळाच्या सगळ्यात खोल बिंदूपासून १९ मिलिमीटरची नळी उतरत्या वाटेनं थेट बोटीबाहेर. नळी मध्ये कुठं खाली वाकलेली नको, कारण त्या वाकात पाणी साचलं की वाफेची वाट बंद. बाहेरचं तोंड पाण्याच्या रेषेच्या वर हवं, बोट कलल्यावरसुद्धा, आणि केबिनच्या कुठल्याही उघड्या भागापासून किमान अर्धा मीटर लांब. बोटबांधणीच्या वेळी वायरी ओढायला पाडलेली भोकं लॉकरच्या कोपऱ्यात असतातच. ती आरशानं शोधा आणि इपॉक्सीनं भरा.

लॉकर झालं की पेट्रोल ठेवण्याआधी परीक्षा घ्या. बादलीभर पाणी ओता. सगळं बाहेर पडलं पाहिजे आणि बिल्ज कोरडं राहिलं पाहिजे. मग आत चार उदबत्त्या लावून झाकण बंद करा आणि केबिनमध्ये खाली, लॉकरच्या पलीकडच्या अंगाला नाक लावून बसा. चंदनाचा वास आला तर भोक राहिलंय. हा प्रयोग पेट्रोल येण्याच्या आधीचा, हे पुन्हा सांगतो, कारण नंतर कोणीतरी करेलच.

गॅसच्या बाटल्याच्या लॉकरमध्येच कॅन सरकवायचा मोह होतो, कारण ते आयतं तयार असतं. बोटींचे मानक नियम गॅसच्या लॉकरमध्ये दुसरं काहीही ठेवू देत नाहीत, आणि कारण पटण्यासारखं आहे. पेट्रोलची वाफ रेग्युलेटरच्या रबरी पडद्याला आणि नळीला खाते. कॅन हलून बाटल्याच्या वॉल्व्हवर आपटतो. आणि वास आला तर गळतंय कोण, गॅस की पेट्रोल, हे समजत नाही.

आउटबोर्डच्या स्वतःच्या टाकीला लोक पेट्रोलचा साठा समजतच नाहीत. लहान इंजिनांच्या डोक्यातच लिटरभराची टाकी असते. इंजिन कठड्याच्या ब्रॅकेटवर टांगताना टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद, इंधनाचा खटका बंद, आणि कार्बुरेटर रिकामा. रिकामा करायला डिंगी बोटीला बांधून झाल्यावर न्यूट्रलमध्ये खटका बंद करून इंजिन आपोआप बंद पडू द्यायचं. बोटीकडे येता येताच खटका बंद करायची काहींना सवय असते. ओहोटीच्या ओढीत तो अंदाज दहा मीटर चुकला की डिंगी समुद्राच्या वाटेला लागते. आणि असं इंजिन केबिनमध्ये किंवा पुढच्या बिछान्याखाली कधीच आडवं ठेवायचं नाही, टाकी ‘रिकामी’ असली तरी. उलट रिकामी जास्त वाईट. भरलेल्या कॅनमध्ये वाफ इतकी दाट असते की पेटायला हवाच कमी पडते. रिकाम्यात हवा शिरते आणि मिश्रण नेमकं जुळतं.

डिंगीत वेगळी टाकी असेल तर ती उन्हात फुग्यासारखी फुगलेली दिसेल. नव्या टाक्यांचं झाकण हवा आत घेतं, पण दाब ठरावीक मर्यादेपर्यंत बाहेर सोडत नाही. टाकी त्या दाबासाठीच बनवलेली असते, फुगली म्हणून बिघडली नाही. बिघडतं ते नळी इंजिनाला जोडून ठेवल्यावर. तो दाब पेट्रोलला कार्बुरेटरच्या सुईपलीकडे ढकलतो आणि ते इंजिनाच्या झाकणाखाली किंवा डिंगीच्या तळात उतरतं. तळात आधीच समुद्राचं पाणी असतं, पेट्रोल त्यावर तरंगत पसरतं आणि पीव्हीसी डिंगीचे सांधे मऊ करतं. डिंगी सोडताना नळीचं इंजिनाकडचं टोक काढा. परत जोडण्याआधी टाकीचं झाकण फडक्यात धरून हळू सैल करा आणि फुस्स आवाज थांबेपर्यंत थांबा.

कॅनमधून इंजिनाच्या डोक्यातली टाकी थेट भरू नये. सांडतंच. आधी मागच्या कठड्याशी, स्थिर हातानं, एक लिटरची धातूची इंधनबाटली भरून घ्या आणि ती घेऊन डिंगीत उतरा. त्याआधी खालचा गॅस बंद, हॅच आणि केबिनचं दार बंद, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. नरसाळ्याभोवती शोषक कापड गुंडाळा. पाण्यात तवंग गेलाच तर त्यावर भांडी घासायचं साबण ओतून तो ‘घालवू’ नका. साबणानं पेट्रोल दिसेनासं होतं, नाहीसं होत नाही. कॅनमधून बाटलीत काढायला टोकाला काचेची गोटी असलेला हलवायचा सायफन उत्तम, तोंडानं ओढायचं नाही. ओले बोळे बंद पिशवीत कोंबून केबिनच्या कचऱ्यात टाकू नका, बाहेर दोरीवर वाळवा.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी थोडक्यात: ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, पाच लिटरला १०० मिलिलिटर ऑइल. ऑइल टीसी-डब्ल्यू३ प्रतीचं, स्कूटरचं नाही. मिसळलेल्या कॅनवर मोठ्या अक्षरात ‘ऑइल घातलेलं’ लिहा. रंगावर जाऊ नका. अमेरिकेत लाल म्हणजे पेट्रोल आणि पिवळा म्हणजे डिझेल, युरोपात पेट्रोलचा कॅन बऱ्याचदा हिरवा, आणि आपल्याकडे दुकानात असेल तो. पेट्रोलचा कॅन चुकून डिझेलच्या टाकीत रिकामा झाला तर इंजिन सुरूच करू नका. डिझेल इंजिनाच्या इंधन-पंपाचं वंगण जातं हा एक भाग, आणि ज्या टाकीची कधी भीती नव्हती ती टाकी आता ठिणगीला घाबरायला लागते हा दुसरा.

आणि आत सांडलंच तर? हात पहिल्यांदा जातो बॅटरीच्या मुख्य स्विचकडे, आणि नेमकं तेच करायचं नाही. स्विच बंद होतानाही ठिणगी पडते. जे चालू आहे ते चालू, जे बंद आहे ते बंद. बिल्ज पंपाला हात लावायचा नाही, आणि तो आपोआप सुरू होणारा असेल तर पाण्याची पातळी वाढेल असं काहीही करायचं नाही. आग असेल ती विझवा, सगळ्यांना डेकवर आणा, सगळे हॅच उघडा, वाऱ्याला आरपार वाट द्या. शक्य असेल त्यांना डिंगीत बसवून वाऱ्याच्या वरच्या बाजूला पाठवा, वल्ह्यांनी. उरलेलं पेट्रोल स्पंज आणि शोषक कापडानं टिपून झाकणाच्या धातूच्या डब्यात, आणि डबा डेकवर. वास गेला म्हणजे वाफ गेली असं धरू नका, कारण नाक दहा मिनिटांत त्या वासाला सरावतं. बाहेरून ताजा माणूस बोलावून त्याला खाली हुंगायला लावा, किंवा बिल्जच्या तळाशी बसवलेलं वाफेचं डिटेक्टर असेल तर त्याचं ऐका. अग्निशामक ड्राय पावडरचा किंवा फोमचा, हात पोचेल असा कॉकपिटमध्ये एक आणि केबिनच्या दाराशी एक. पेट्रोलच्या आगीवर बादलीनं पाणी ओतलं तर आग पाण्यावर बसून बोटभर फिरते.

मे अखेरीस बोट पावसाळ्यासाठी बांधून ठेवताना पेट्रोलचा एक थेंबही आत राहू नये. साधं, न मिसळलेलं उरलं असेल तर गाडीच्या टाकीत भरपूर ताज्या पेट्रोलबरोबर टाका. ऑइल घातलेलं फोर-स्ट्रोक गाडीत घालू नका, ते त्याच महिन्यात संपवायचं नियोजन करा. कार्बुरेटरच्या बाउलचा स्क्रू सैल करून शेवटचे थेंब काढा. प्रायमर बल्ब आणि नळी रिकामी करा. कॅन बोटीवरून उतरवून घराबाहेर, सावलीत, झाकण उघडं ठेवून दोन दिवस ठेवा. वास पूर्ण गेला की वायसर बोटानं दाबून पाहा, कडक झालं असेल तर लगेच नवं आणून कॅनच्या मुठीला दोऱ्यानं बांधून ठेवा. ऑक्टोबरात पंपावर उभं असताना ते आठवत नाही.